निपुत्रिक गादी, म्हाडाची सोडत आणि कारणाचा शोध



अर्थशास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्न एकाच शब्दाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘कशामुळे’. किती, केव्हा, कोठे या प्रश्नांची उत्तरे मोजणीने मिळतात. जनगणना, सातबारा, नोंदणी कार्यालयातील दस्त, बाजार समितीतील आवक यांची पाने चाळली की ती हाती येतात. ‘कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली. तिच्या स्थानकांजवळची घरे आणि स्थानकांपासून दूरची घरे यांच्या किमतींची तुलना केली, आणि जवळची घरे महाग निघाली, तर ती मेट्रोमुळे महाग झाली असे म्हणता येईल का? मेट्रोचा मार्ग आखणाऱ्यांनी तो मुळातच अशा पट्ट्यातून नेला, जेथे कचेऱ्या होत्या, कारखाने होते, माणसांची ये-जा होती. म्हणजे मेट्रोने वर्दळ आणली की वर्दळीने मेट्रो आणली? इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला पुढे अधिक पगार मिळाला, तर तो माध्यमामुळे मिळाला, की ज्या घराला त्या शाळेची फी परवडली त्या घराच्या ऐपतीमुळे आणि ओळखीपाळखीमुळे मिळाला? शिकवणीला जाणारी मुले हुशार होतात, की ज्यांच्या पालकांना शिक्षणाची कळकळ असते तीच मुले शिकवणीला पाठवली जातात?

दोन गोष्टी जोडीने आढळणे याला सहसंबंध म्हणतात आणि एकीने दुसरी घडवणे याला कार्यकारणसंबंध म्हणतात. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यासाठी अर्थशास्त्राने शोधलेल्या अनेक उपायांपैकी एकाचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे. त्या उपायाचे नाव ‘इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल’, मराठीत ‘साधन-चल’. चल म्हणजे बदलणारी राशी. आणि साधन-चल म्हणजे अशी एक तिसरी गोष्ट, जी कारण मानलेल्या गोष्टीला हलवते, परंतु परिणामाला स्वतः हात लावत नाही. परिणाम बदललाच, तर तो केवळ त्या कारणाच्या द्वारे बदलतो. व्याख्या एका वाक्यात मावते. ती खरी ठरवणे हे मात्र संशोधकाचे वर्षानुवर्षांचे काम असते. ते काम आकडेमोडीचे कमी आणि त्या ठिकाणच्या जगण्याच्या ज्ञानाचे अधिक आहे, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

या कल्पनेचा उगम बाजारभावाच्या प्रश्नात आहे. १९२८ मध्ये फिलिप राइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचे प्राणिज व वनस्पतिज तेलांवरील आयातकरासंबंधीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या एका परिशिष्टात ही रीत प्रथम मांडली गेली. ते परिशिष्ट फिलिप यांनी लिहिले की त्यांचे पुत्र, प्रख्यात अनुवंशशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी, याविषयी पुढे बराच काळ शंका होती. अखेर दोघांच्या लेखनशैलीची संख्याशास्त्रीय तपासणी होऊन कौल पित्याच्या बाजूने पडला. प्रश्न होता लोणी आणि जवस यांचा. भाव वाढला की गिऱ्हाईक किती घटते? भाव आणि खप यांची रोजची नोंद समोर ठेवून हे सांगता येत नाही, कारण भाव एकट्या पुरवठ्याने ठरत नाही आणि एकट्या मागणीनेही ठरत नाही.

हे जवळून पाहावयाचे असेल तर अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याच्या बंदरावर जावे. तेथे होड्या लागतात, डोल जाळ्यात सापडलेले बोंबील, कोळंबी, पापलेट टोपल्यांत भरले जाते आणि कोळणी ते घेऊन उपनगरांतील मंडयांत येतात. कोणी वर्षभर रोजचा भाव आणि रोजची विक्री टिपून ठेवली, तर त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. रविवारी आणि बुधवारी भावही चढा आणि विक्रीही मोठी. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी भावही उतरलेला आणि विक्रीही थोडी. मग भाव वाढला की लोक अधिक मासे घेतात, असा निष्कर्ष काढावा काय? मुळीच नाही. वार पाळणारी घरे सोमवारी मासळी घेत नाहीत म्हणून त्या दिवशी भाव पडतो; येथे मागणी भावाला ओढते आहे, भाव मागणीला नव्हे. भावाचा मागणीवरचा परिणाम पाहावयाचा, तर भाव अशा कारणाने हलला पाहिजे, ज्याचा खाणाऱ्याच्या मनाशी काहीच संबंध नाही. समुद्रावरचे वारे हे असे कारण आहे. खोल समुद्रात वारा सुटला, लाटा उसळल्या, की होड्या जात नाहीत, आवक घटते, भाव चढतो. परंतु बोरिवलीतील गृहिणीला त्या वाऱ्याची खबरही नसते. भाव पाहून ती जेवढी हात आखडता घेते, तेवढा भावाचा खरा परिणाम. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजाराचा अभ्यास करताना कॅथरिन ग्रॅडी यांनी १९९० च्या दशकात समुद्रावरील वादळी हवामान याच रीतीने वापरले, आणि तो अभ्यास आज या विषयाच्या वर्गांत आवर्जून शिकवला जातो.

मात्र येथेच सावध व्हावयास हवे. होड्या तर पावसाळ्यातही बंद असतात. जून-जुलैत शासनाची मासेमारीबंदी असते. मग वादळाऐवजी ती बंदीच साधन म्हणून का घेऊ नये? ती सरकारी आदेशाने येते, तिची तारीख ठरलेली असते, तिच्यामुळे आवक निश्चित घटते. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या संशोधकाला त्यात काही खोट दिसणार नाही. मुंबईच्या माणसाला मात्र क्षणात दिसेल, कारण त्याच सुमारास आषाढ सरतो आणि श्रावण लागतो. आषाढी अमावास्येपूर्वी मासळीला एकाएकी गिऱ्हाईक वाढते, आणि श्रावण लागताच असंख्य घरांतून मासळी महिनाभर हद्दपार होते. म्हणजे पावसाळा दोन वाटांनी बाजारात शिरतो, एकदा समुद्राकडून आणि एकदा देवघराकडून. समुद्रावरच्या वादळाचीही हीच परीक्षा घ्यावी लागते. ते वादळ किनाऱ्यावर येऊन शहरात पाणी तुंबले आणि गिऱ्हाईक घराबाहेरच पडले नाही, तर तेही साधन निकामी झाले. साधनाचा प्रभाव परिणामापर्यंत एकाच वाटेने, त्या कारणाच्याच वाटेने, पोहोचला पाहिजे. या अटीला ‘एकमार्गाची अट’ म्हणता येईल. ती कोणत्याही सूत्राने सिद्ध होत नाही. संगणकाला श्रावण ठाऊक नसतो.

दुसऱ्या अटीचे विवेचन थोडक्यात उरकता येते. साधनाने कारणाला खरोखर हलवले पाहिजे, आणि चांगले हलवले पाहिजे. वाऱ्याच्या एखाद्या झुळकेने भावात दोन-चार रुपयांचा फरक पडत असेल, तर त्या फरकावर उभारलेले अनुमान डळमळते; अशा साधनाला दुर्बल साधन म्हणतात. ही अट आकड्यांतून तपासता येते, म्हणून तिच्याविषयी वाद कमी होतात.

उरते ती तिसरी अट : साधन कोणाच्या वाट्याला यावे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले पाहिजे, माणसांच्या गुणावगुणांवरून नव्हे. आणि चिठ्ठीचा विषय निघाला की मुंबईच्या उपनगरांत एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे म्हाडाची सोडत. उत्पन्नगटानुसार अर्ज, अनामत रक्कम, सोडतीच्या दिवशीची ती धाकधूक, आणि मग यादीत नाव आहे किंवा नाही, एवढ्यावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरणे. या सभागृहात असे क्षितिजाकडे डोळे लावून बसलेले दिवस पाहिलेली कुटुंबे निश्चितच असतील. स्वतःचे घर मिळाल्याने मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो का, हा प्रश्न घरवाले आणि बिनघरवाले यांची सरळ तुलना करून सुटत नाही, कारण घर घेऊ शकणारे कुटुंब अनेक बाबतींत आधीच सुस्थितीत असते. सोडतीत मात्र सारख्याच गटातील, सारखीच आस असलेली दोन कुटुंबे शेजारी उभी असतात आणि त्यांना वेगळे करते ती केवळ चिठ्ठी. तनू कुमार या संशोधिकेने मुंबईतील २०१२ आणि २०१४ च्या सोडतींतील यशस्वी आणि अयशस्वी अर्जदारांचा असा तौलनिक अभ्यास केला, आणि यशस्वी कुटुंबांत शिक्षणाची व रोजगाराची स्थिती अधिक चांगली, तसेच वस्तीच्या सुधारणेसाठीच्या सभांत आणि स्थानिक कारभारात त्यांचा सहभाग अधिक, असे त्यांना आढळले.

सोडत जिंकणे आणि घर हाती येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाचे कागद अपुरे ठरतात, कोणाला बँक कर्ज देत नाही. ही रीत गणितात कशी उतरते हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, सोडत जिंकलेल्या १०० कुटुंबांपैकी ७० कुटुंबांच्या हाती घर आले आणि न जिंकलेल्यांपैकी कोणालाच असे घर मिळाले नाही. समजा, जिंकलेल्या कुटुंबांत बारावी पूर्ण करणारी मुले शेकडा ६२ आणि न जिंकलेल्यांत शेकडा ५५ निघाली. फरक ७ चा. परंतु हा ७ चा फरक १०० घरांत पसरलेला असला, तरी तो घडवला आहे ७० घरांनी. म्हणून ७ ला ०.७० ने भागावे, म्हणजे घर प्रत्यक्ष मिळण्याचा परिणाम शेकडा १० इतका येतो. साधन-चलाच्या रीतीचा गाभा एवढाच आहे : साधनाने परिणाम किती हलला, याला साधनाने कारण किती हलले, याने भागणे. उरलेले सारे या भागाकाराचे विस्तार आहेत.

हा १० चा आकडा कोणाविषयी आहे? सगळ्या मुंबईकरांविषयी नाही. ज्यांना सोडतीशिवाय असे घर मिळालेच नसते आणि जिंकल्यावर ज्यांनी ते घेतले, केवळ त्यांच्याविषयी आहे. गुइडो इम्बेन्स आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये ही गोष्ट काटेकोरपणे मांडली, आणि २०२१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग त्या दोघांना मिळाला. आणखी एक बाब येथे नजरेआड होऊ नये. सोडतीत घर मिळालेले सारेच तेथे राहावयास जात नाहीत. काही जण ते भाड्याने देतात आणि जुन्याच वस्तीत राहतात. प्रश्न जर ‘स्वस्त दरात घराची मालकी मिळाल्याने काय होते’ असा असेल, तर सोडत हे उत्तम साधन आहे. प्रश्न जर ‘नव्या वस्तीत राहिल्याने काय होते’ असा असेल, तर भाड्याचे उत्पन्न ही दुसरी वाट उघडी राहते आणि तेच साधन सदोष ठरते. साधन आपल्या जागी चांगले किंवा वाईट नसते. ते विशिष्ट प्रश्नाच्या संदर्भात चांगले किंवा वाईट असते.

आता अधिक दूरच्या आणि मराठी मनाला अधिक झोंबणाऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. इंग्रजी राज्याने या देशाचे भले केले की वाईट? हा प्रश्न दीडशे वर्षे भाषणांतून आणि ग्रंथांतून चर्चिला गेला. आकड्यांनी त्याचे उत्तर देता येईल का? एक उपाय सुचतो. हिंदुस्थानचा काही भाग कंपनीच्या आणि पुढे राणीच्या थेट अमलाखाली होता आणि काही भाग संस्थानिकांकडे राहिला. दोन्ही भागांची आजची तुलना करावी. अशी सरळ तुलना केली, तर थेट अमलातील मुलखांची शेती अधिक समृद्ध दिसते. पण यातून इंग्रजी अमलाची थोरवी सिद्ध होते का? इंग्रजांनी मुलूख निवडून घेतले होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतले गेले, तेव्हा निमित्त फौजेच्या थकलेल्या खर्चाचे होते, परंतु हाती आली ती कापसाची काळी जमीन. पुढे वऱ्हाड आणि निजामाकडे राहिलेला मराठवाडा यांची तुलना करणारा माणूस राज्यकर्त्यांची तुलना करतो आहे की जमिनीची?

लक्ष्मी अय्यर या अर्थतज्ज्ञ विदुषीने या पेचातून वाट काढली ती मराठ्यांच्या इतिहासाला चांगल्याच परिचित असलेल्या एका घटनेच्या आधारे. लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर जनरल होता. औरस पुत्र नसता संस्थानिक वारला, तर दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा करावे, हे धोरण त्याने नेटाने राबवले. पहिला घाव साताऱ्यावर पडला. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचेही मत खालसा करण्याच्या विरुद्ध होते. तरीही शिवछत्रपतींच्या वंशाची ती गादी कागदाच्या एका तुकड्याने संपवण्यात आली. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे गंगाधरराव नेवाळकर गेले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले, आणि १८५४ मध्ये दोन्ही राज्ये खालसा झाली. नागपूरकरांच्या वाड्यातील हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघाले.

या दुःखाच्या कथेत संशोधकाला साधन कोठे सापडले? राजाच्या मृत्यूच्या वेळेत. एखादा राजा त्याच आठ वर्षांत जावा आणि त्याला औरस पुत्र नसावा, हा योग मुलखाच्या पावसाशी, काळ्या मातीशी, कापसाशी जुळलेला नसतो. नागपूरच्या बाबतीत कापसाचा लोभ नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु रघूजींना पुत्र असता, तर त्या लोभाला असे निमित्त लाभले नसते. साधन प्रत्येक वेळी चाललेच असेही नाही. राजपुतान्यातील करौलीचा राजा निपुत्रिक गेला, तरी ते संस्थान खालसा करू दिले गेले नाही आणि दत्तक मान्य झाला. सोडत जिंकूनही घर न मिळालेल्या कुटुंबासारखेच हे आहे, आणि त्याची भरपाई त्याच भागाकारातून होते.

अय्यर यांचा हा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष सरळ तुलनेच्या उलट निघाला. शेतीतील इंग्रजी अमलाची श्रेष्ठता नाहीशी झाली. ती अमलाची नव्हे, निवडीची करामत होती. आणि शाळा, आरोग्यकेंद्रे, रस्ते या सार्वजनिक सोयी मात्र स्वातंत्र्यानंतरही थेट अमलाखाली राहिलेल्या मुलखांत कमी भरल्या. राज्य जाऊन दशके लोटली, तरी गावात शाळा आहे की नाही यावर १८५० च्या आसपासच्या एका मृत्यूची छाया होती.

एकमार्गाची अट येथे टिकते का? निपुत्रिक राजाचे राज्य इतर कारणांनीच दुबळे असेल, वारसाहक्काच्या तंट्यांनी पोखरलेले असेल, अशी शंका कोणीही घेईल आणि घेतलीच पाहिजे. त्या शंकेचे निरसन करणारी तजवीज इतिहासानेच करून ठेवली होती. १८५७ च्या उठावानंतर राणीच्या सरकारने खालसा करण्याचे धोरण सोडले आणि दत्तक मान्य होऊ लागले. म्हणजे १८५८ नंतरही राजे निपुत्रिक मरत राहिले, पण त्यामुळे राज्य जाणे थांबले. निपुत्रिकपणाच जर मुलखाला मागे ठेवत असता, तर या नंतरच्या मृत्यूंमागेही तीच हानी दिसली असती. ती दिसत नाही.

आणि ती का दिसत नाही, हे मराठी श्रोत्याला आकड्यांवाचूनही उमजावे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तेच सयाजीराव, ज्यांनी १९०६ मध्ये आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेले; तेच राजर्षी शाहू, ज्यांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. हेच दोन दत्तक १८४८ ते १८५६ या आठ वर्षांत आले असते, तर? बडोद्याला आणि कोल्हापूरला कलेक्टर आला असता. मल्हाररावांच्या पदच्युतीत आणखी एक धागा आहे. नालायक ठरलेल्या राजाची गादी जाऊ शकते हे भय संस्थानिकांच्या मनात राहिले, आणि संस्थानांच्या बऱ्या कारभारामागचे तेही एक कारण असावे, असे अय्यर यांचे विवेचन सुचवते. कलेक्टरला तसे भय नव्हते. तो बदलून जात असे.

आता या सुंदर रचनेतील एक उसवलेला टाका दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या साऱ्या रीतीत असे गृहीत असते की एका मुलखाला मिळालेली वागणूक शेजारच्या मुलखात ओसंडत नाही. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेला एक मुलगा कोल्हापुरात शिकला, तेथील वसतिगृहात राहिला, शाहू महाराजांचे शिक्षणकार्य त्याने जवळून पाहिले, आणि पुढे तो खालसा झालेल्या सातारा जिल्ह्यात कामाला लागला. त्याने १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळा साताऱ्याच्या खेड्याखेड्यांत उभ्या राहिल्या. जनगणनेच्या तक्त्यात त्या थेट इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्याच्या नावावर जमा होतात आणि कोल्हापूर व सातारा यांच्यातील अंतर आहे त्याहून कमी दाखवतात. संस्थानाची सीमा वारणेपाशी संपत होती. वसतिगृहाची कल्पना ती ओलांडून गेली, आणि तिचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावयाचा, हे अद्याप कोणत्याही सूत्राने सांगितलेले नाही.